यादी कोणाची? घरच्या संगणकावरील पहाऱ्याचा इतिहास

१/ २९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा वाजलेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून टंकत होता. 'एल' पोहोचले, 'ओ' पोहोचले आणि पुढच्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोलमडली. अर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश हाच, अवघ्या दोन अक्षरांचा. सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, मेन्लो पार्कच्या संशोधन संस्थेत तो स्वीकारणाऱ्या तरुणाचे नाव होते बिल डुवाल.

२/ पंचवीस वर्षे उलटली. मे १९९५ मध्ये याच डुवाल यांच्या लहानशा कंपनीने एक सॉफ्टवेअर बाजारात आणले. नाव 'सर्फवॉच'. मूल घरच्या संगणकावर बसले असता नको ती संकेतस्थळे उघडू न देणे हे त्याचे काम. महाजालाच्या दारात आलेला पहिला पाहुणा ज्याने आत घेतला, त्यानेच पुढे त्या दारावर पहारेकरी बसवला.

३/ अशा सॉफ्टवेअरला आज जगभर 'पॅरेंटल कंट्रोल' म्हणतात. नियंत्रण पालकांच्या हाती राहील, हे आश्वासन त्या नावातच आहे. गेल्या तीस वर्षांचा इतिहास मात्र एका वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरतो. कुलूप पालकाने विकत घेतले, किल्लीही त्याच्याच खिशात राहिली. पण काय बंद ठेवायचे याची यादी कोणी लिहिली?

४/ या कथेची सुरुवात एका घबराटीने होते. ३ जुलै १९९५ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर संगणकाच्या प्रकाशात भेदरलेल्या मुलाचा चेहरा होता आणि विषय होता 'सायबरपॉर्न'. लेखाचा आधार होता कार्नेगी मेलन विद्यापीठातील मार्टी रिम या पदवीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास. युजनेटच्या चर्चागटांवरील ८३.५ टक्के चित्रे अश्लील असतात, हा त्यातला आकडा घराघरांत पोहोचला.

५/ आकडा पोहोचला, पण टिकला नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉना हॉफमन आणि थॉमस नोव्हाक यांनी अभ्यासाची पद्धत तपासून तिच्या चिंधड्या उडवल्या. हा आकडा मूठभर चर्चागटांपुरता होता. संपूर्ण महाजालाशी त्याचा संबंध नव्हता. काही आठवड्यांत 'टाइम'लाही माघारीचा सूर लावावा लागला. तोवर तो अभ्यास अमेरिकी सिनेटच्या कामकाजात नोंदला गेला होता. दुरुस्ती नेहमीच बातमीच्या मागून आणि अनवाणी येते.

६/ त्याआधीच, १४ जून १९९५ रोजी, नेब्रास्काचे सिनेटर जेम्स एक्सन यांचा प्रस्ताव सिनेटने ८४ विरुद्ध १६ मतांनी स्वीकारला होता. जालावरून सापडलेल्या अश्लील चित्रांची एक निळी फाइल ते सहकाऱ्यांना दाखवत. पुढे ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने 'कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्ट' अमलात आला. अल्पवयीनांच्या दृष्टीस पडेल असा 'असभ्य' मजकूर जालावर ठेवणे हा आता गुन्हा ठरणार होता. दूरचित्रवाणी संचांत कार्यक्रम अडवणारी 'व्ही-चिप' बसवण्याची सक्तीही त्याच दूरसंचार कायद्यातली.

७/ नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा उदय याच काळातला. सर्फवॉचच्या जोडीला सायबर पेट्रोल, नेट नॅनी, सायबरसिटर ही नावे आली. कामाची रीत साधी होती. कंपनीची माणसे संकेतस्थळे पाहून यादी करीत; सॉफ्टवेअर प्रत्येक मागणी त्या यादीशी ताडून पाही आणि नाव जुळले की पान अडवी. सर्फवॉचच्या यादीत तेव्हा पाच हजारांहून अधिक नावे होती. दरमहा चारशे ते सातशे नव्या नावांची भर पडे आणि ताज्या यादीसाठी महिन्याला ५.९५ डॉलर मोजावे लागत.

८/ येथे एक विलक्षण युती जुळली. डीसेन्सी ॲक्टविरुद्ध नागरी स्वातंत्र्यासाठी झटणारी 'एसीएलयू' ही संघटना न्यायालयात गेली. फिलाडेल्फियातील खटल्यात तिच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्यांत सर्फवॉचच्या अध्यक्ष ॲन डुवाल होत्या. युक्तिवाद असा : मुलांना जपायचे तर सर्व प्रौढांच्या तोंडाला कुलूप घालण्याची गरज काय? आपल्या घरात काय यावे, हे ज्याच्या त्याच्या आईवडिलांना ठरवू द्या. त्यासाठीचे साधन दुकानात मिळतेच आहे.

९/ २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील 'असभ्य' मजकुरासंबंधीच्या तरतुदी रद्द केल्या. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे. पालकांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर उपलब्ध होत आहे, ही गोष्ट त्या निकालाच्या कारणमीमांसेत होती. महाजालावरील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पहिला मोठा विजय अशा रीतीने एका अडवणाऱ्या साधनाच्या खांद्यावर उभा राहिला.

१०/ साधन मात्र तितकेसे शहाणे नव्हते. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्फवॉचने व्हाइट हाउसचे एक पान अडवले. क्लिंटन आणि गोर दांपत्यांची ओळख करून देणाऱ्या त्या पानाच्या पत्त्यात 'कपल्स' हा शब्द होता, एवढाच त्याचा अपराध. अमेरिका ऑनलाइनच्या सेवेत 'ब्रेस्ट' हा शब्द निषिद्ध ठरला, तेव्हा स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या स्त्रियांना आपल्या आजाराचे नावच घेता येईना. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना गावाच्या नावासह खाते उघडता येईना, कारण त्या नावाच्या पोटात यंत्राला एक शिवी दिसली. शब्दांच्या आंधळ्या चाळणीला संगणकाच्या जगात आजही 'स्कन्थॉर्पचा प्रश्न' म्हणतात.

११/ सायबरसिटरची तऱ्हा आणखी निराळी. ते काही वेळा पान अडवण्याऐवजी त्यातला नको असलेला शब्दच गाळून टाकी, तोही कोणाला न सांगता. 'समलिंगी विवाहाला विरोध' या शब्दांतून 'समलिंगी' हा शब्द गळाला की उरतो 'विवाहाला विरोध'. पान अडले तर अडले हे मुलाला निदान कळते. येथे वाचणाऱ्याला आपण बदललेले वाक्य वाचतो आहोत, याची जाणीवही होत नसे. त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेचे संकेतस्थळही होते.

१२/ हे बाहेर कसे आले? जुलै १९९६ मध्ये ब्रॉक मीक्स आणि डेक्लन मॅकलॉ या पत्रकारांनी अशा अनेक याद्यांतील मजकूर उघड केला. त्या याद्या कूटबद्ध असत. यादी हेच कंपनीचे भांडवल, ती उघडी ठेवली तर प्रतिस्पर्धी उचलून नेईल, हे कंपन्यांचे कारण व्यापाराच्या दृष्टीने खोटे नव्हते. परिणाम असा की, ज्या आईने आपल्या मुलासाठी ते सॉफ्टवेअर विकत घेतले, तिलाही आपण नेमके काय बंद केले हे वाचता येत नव्हते.

१३/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेनेट हॅसेल्टन या किशोरवयीन विद्यार्थ्याने 'पीसफायर' नावाचा गट सुरू केला. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या मुलांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. ती जागा या गटाने घेतली. सायबरसिटर काय काय अडवते याची नोंद त्याने प्रसिद्ध केली. लवकरच सायबरसिटरच्या यादीत एका नव्या नावाची भर पडली, पीसफायरची. यादीवर टीका करणाराही यादीत गेला.

१४/ मार्च २००० मध्ये स्वीडनचा एडी यान्सन आणि कॅनडाचा मॅथ्यू स्काला यांनी सायबर पेट्रोलच्या यादीचे कूट फोडले आणि ती वाचण्याची युक्ती जगापुढे ठेवली. तोवर सायबर पेट्रोलची मालकी बार्बी बाहुल्या बनवणाऱ्या मॅटेल कंपनीकडे गेली होती. मॅटेलने बोस्टनच्या न्यायालयात दावा लावला. अखेर दोघांनी आपल्या कामाचे हक्क एका डॉलरला मॅटेलला देऊन प्रकरण मिटवले.

१५/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मात्र कायद्याने वेगळी दिशा घेतली. डिजिटल कुलपे तोडण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकी कायद्याला काही मोजके अपवाद करण्यात आले. फिल्टर सॉफ्टवेअरमधील अडवलेल्या संकेतस्थळांची यादी वाचण्यासाठी कुलूप तोडणे, हा त्यांपैकी एक. घराच्या पहाऱ्याचे नियम वाचण्यासाठी कायद्यात स्वतंत्र खिडकी ठेवावी लागली! २००३ मध्ये ती पुन्हा उघडी ठेवली गेली. २००६ च्या फेरीत बंद झाली.

१६/ दरम्यान फिल्टर घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडला होता. डिसेंबर २००० मधील 'सिपा' कायद्याने, इंटरनेटसाठी ठरावीक सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना फिल्टर बसवणे बंधनकारक केले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा वैध ठरवला. एका वर्षाने, जून २००४ मध्ये, याच न्यायालयाने १९९८ च्या दुसऱ्या एका बंदी कायद्याची अंमलबजावणी ५ विरुद्ध ४ मतांनी रोखून धरली. कारण घरचा फिल्टर हा त्याहून सौम्य मार्ग उपलब्ध होता. सरकारी बंदीला पर्याय म्हणून पुढे आलेले साधन सरकारी अट म्हणूनही तितकेच चपखल बसले.

१७/ महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या दारातून आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पण येथील असंख्य मुलांची त्याच्याशी पहिली भेट घरी झाली नाही, ती झाली सायबर कॅफेत, तासाच्या भाड्याने. तिथे आईवडील नव्हतेच. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्राची दखल घेऊन, अल्पवयीनांना अयोग्य मजकुरापासून कसे जपावे यासाठी विशेष समिती नेमली. मुलांना आडोशाच्या खोपटात न बसवता सर्वांच्या नजरेसमोरच्या, फिल्टर असलेल्या संगणकावर बसवावे, हा तिच्या शिफारशींचा एक भाग होता. फिल्टरच्या जोडीला शेजारपाजारची नजर, असा तो मेळ होता.

१८/ एव्हाना तंत्राने कूस बदलली होती. अडवण्याऐवजी पाहणे सुरू झाले. १९९० च्या दशकाअखेर फ्लोरिडातील स्पेक्टरसॉफ्ट कंपनीचे सॉफ्टवेअर संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे थोड्या थोड्या वेळाने गुपचूप साठवू लागले. मूल झोपले की पालकाने ती चित्रफीत उलगडून पाहावी. हेच साधन जोडीदारावर संशय असणाऱ्यांनाही विकले जाई. अडवणाऱ्या दाराची जाणीव मुलाला होते आणि ते वाद घालू शकते. भिंतीतल्या डोळ्याशी वाद घालता येत नाही.

१९/ मग त्या डोळ्यामागे आणखी एक डोळा निघाला. न्यूयॉर्कमधील एकोमेट्रिक्स ही कंपनी 'सेंट्री' नावाचे सॉफ्टवेअर पालकांना विकत असे. मुले चॅटमध्ये काय बोलतात हे त्यातून पालकांना दिसे. याच कंपनीचे 'पल्स' नावाचे दुसरे उत्पादन होते. ते जाहिरातदारांसाठी होते आणि तरुण मंडळी काय बोलतात हे त्यात विकले जाई. सेंट्रीने टिपलेले मुलांचे बोलणे पल्समध्ये जात होते.

२०/ अमेरिकेच्या 'फेडरल ट्रेड कमिशन'ने या कंपनीवर कारवाई केली. पालकांना याची कल्पना दिली होती काय? होती, म्हणे : लांबलचक करारनाम्यात सुमारे तीस परिच्छेदांनंतर एक मोघम वाक्य होते. नोव्हेंबर २०१० मधील तडजोडीनुसार कंपनीला पल्सकडे वळवलेली माहिती नष्ट करावी लागली आणि पुढे असा वापर न करण्याचे बंधन आले. मुलाचे रक्षण करण्यासाठी पालकाने पैसे मोजले, आणि त्याच पैशांनी मुलाचे शब्द बाजारात गेले.

२१/ यादीचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये विचारला गेला. मे २००९ मध्ये तेथील उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने आदेश काढला : १ जुलैपासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वैयक्तिक संगणकासोबत 'ग्रीन डॅम यूथ एस्कॉर्ट' हे सॉफ्टवेअर आलेच पाहिजे. चार कोटींहून अधिक युआन त्यासाठी मोजण्यात आले होते. जाहीर हेतू एकच, किशोरांना अश्लीलतेपासून वाचवणे.

२२/ मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे सहकारी यांनी ते सॉफ्टवेअर उघडून पाहिले. अश्लील शब्दांसोबत फालुन गोंगसारखे राजकीय शब्दही यादीत होते. सुरक्षेतील भगदाडे इतकी मोठी की कोणत्याही संकेतस्थळाला भेट देताच वापरणाऱ्याच्या संगणकाचा ताबा जाऊ शकत होता. आणि अडवायच्या याद्यांचा एक भाग? तो चक्क सायबरसिटरमधून उचललेला होता. सायबरसिटरचे २००४ मधील एक वार्तापत्रही नजरचुकीने सोबत आले होते.

२३/ टीका वाढली आणि अंमलबजावणीच्या आदल्याच दिवशी, ३० जून २००९ रोजी, आदेश पुढे ढकलला गेला. ती सक्ती पुन्हा कधी आली नाही. सायबरसिटरच्या कंपनीने २०१० मध्ये २.२ अब्ज डॉलरचा दावा लावला, तो २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. या घटनेतला धडा पैशांचा नाही. कॅलिफोर्नियातील एका घरासाठी लिहिलेली गुप्त यादी एका राज्यसत्तेच्या साच्यात बसवताना फारशी खटपट करावी लागली नाही. यंत्र तेच, लिहिणारा हात बदलला, की पहारा बदलतो.

२४/ लोकशाही देशांत सक्तीऐवजी 'आपोआप सुरू' हा मार्ग आला. जुलै २०१३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी मोठ्या इंटरनेट कंपन्यांचे कौटुंबिक फिल्टर नव्या ग्राहकांसाठी मुळातच सुरू राहतील असे जाहीर केले; नको असतील तर ग्राहकाने बंद करावेत. वर्षभरात 'ओपन राइट्स ग्रुप'ने एक लाख लोकप्रिय संकेतस्थळे तपासली. जवळपास पाचातले एक संकेतस्थळ कोणत्या ना कोणत्या फिल्टरकडून अडवले जात होते.

२५/ स्वतंत्र डबीत मिळणारे सॉफ्टवेअर हळूहळू लोप पावले, कारण पहारा यंत्रातच आला. २००७ च्या विंडोज व्हिस्टात तो अंगभूत होता. २०१७ मध्ये गूगलचे 'फॅमिली लिंक' आले, २०१८ मध्ये ॲपलचे 'स्क्रीन टाइम'. दिवाणखान्यातला एक संगणक जाऊन प्रत्येकाच्या खिशात एकेक आला होता. सर्वांच्या देखत बसण्याची ती जागा, जी मुंबईच्या समितीला महत्त्वाची वाटली होती, नाहीशी झाली.

२६/ पालक स्वतः काय करत होते? 'प्यू रिसर्च सेंटर'ने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीत, किशोरांच्या पालकांपैकी ६१ टक्क्यांनी मुलाने कोणती संकेतस्थळे पाहिली हे तपासले होते. अडवणारे वा टेहळणी करणारे तांत्रिक साधन वापरणारे होते ३९ टक्के. काय योग्य, काय अयोग्य याविषयी मुलाशी कधी तरी बोललो, असे मात्र जवळजवळ सर्वांनी सांगितले.

२७/ भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे त्यात आवश्यक ठरवले आहे. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे, यांवर कंपन्यांना बंदी आहे. एकोमेट्रिक्सच्या प्रकरणाशी हे कलम ताडून पाहिले, तर मोल कळते : आईने पाहणे आणि आईच्या नावाने दुसऱ्याने पाहणे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

२८/ २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या विषयावर मोठा अहवाल दिला होता. अध्यक्ष होते माजी महान्यायवादी डिक थॉर्नबर्ग. त्यांनी दाखला दिला पोहण्याच्या तलावाचा. तलावाला कुंपण घालता येते, कुलूप लावता येते, घंटा बसवता येते; तरी मुलासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याला पोहायला शिकवणे.

२९/ गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. पाठीला सुका भोपळा बांधून पोराला पाण्यात सोडत. भोपळा बांधणारा काठावर उभा असे, पोराला तो दिसे, आणि एक दिवस भोपळा सुटणार हे दोघांनाही ठाऊक असे. घरच्या संगणकावरील पहाऱ्याच्या तीस वर्षांत तक्रारी जिथे जिथे उठल्या, तिथे यांपैकी काही ना काही हरवले होते. कुठे बांधणारा अनोळखी होता, कुठे बांधलेले दिसत नव्हते, तर कुठे ते सोडण्याचा दिवसच कोणी ठरवला नव्हता.

३०/ बिल डुवाल यांनी १९६९ मध्ये ज्या जाळ्याचा पहिला संदेश घेतला, त्यावर तेव्हा दोन यंत्रे होती आणि काय अडवावे हा प्रश्नच नव्हता. आज तो प्रत्येक घरात आहे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याआधी तीन गोष्टी विचारायला हा इतिहास शिकवतो : यादी कोणाची, ती वाचता येते का, आणि ज्याच्यावर पहारा आहे त्याला तो ठाऊक आहे का?